पंचाहत्तरवरचा काटा

४ मार्च

कळलं! मीन व्हॅल्यू थिअरम एकदाचा डोक्यात शिरला! दीडशे किलोमीटर दोन तासांत गेलात, म्हणजे सरासरी वेग पंचाहत्तर. मग वाटेत एक तरी क्षण असा असणारच, की काटा बरोब्बर पंचाहत्तरवर होता. असणारच — कुणी पाहिला नसला तरी! मॅडमच्या अटी दोनच : गाडी मधेच गायब होऊन पुढे उगवता कामा नये, आणि वेग झटक्यात बदलता कामा नये. गाड्या कशाला असलं काही करतील?

५ मार्च

नळाखालच्या बादलीला लावून पाहिला. दादाच्या वाढत्या वजनालाही. "हिला कुणीतरी आवरा रे!" दादा ओरडला.

७ मार्च

आई-बाबा गाडीने मावशीकडे गेले. आठला निघाले, दहाला मावशीचा फोन — "पोचले गं!" अंतर? दीडशे! मी नाचलेच. पुस्तकातलं गणित आपल्या पायांनी घरी चालत आलं!

मग पेन खाली ठेवलं. गेल्या वर्षी अपघात झाला, तेव्हा हॉस्पिटलमधल्या खाटेवरून बाबांनी मला शब्द दिला होता — साठच्या पुढे कधीच जाणार नाही. आणि शेजारी आई बसलेली असताना? ती तर टॅक्सीवाल्यालाही "जरा हळू" म्हणते!

८ मार्च

दोघं परत आल्यावर विचारलंच. आकडे मांडून.

बाबा हसले. "कुठल्या क्षणी गं? दाखव बघू." तेवढं थिअरम सांगत नाही. असा क्षण आहे, एवढंच सांगतो. "आणि आम्ही चहालाही थांबलो होतो की!" घ्या! म्हणजे उरलेल्या वेळात आणखी जोरात! आगीतून फुफाट्यात! दादा टेबल बडवत होता. आई खाली मान घालून कांदा चिरत होती.

मला मात्र हसू येईना. "तुम्ही शब्द दिला होता मला," म्हटलं. बाबा उठून आत गेले.

गणित बरोबर आलं, आणि मला रडू येतंय. पुन्हा काही झालं म्हणजे?

९ मार्च

आई खोलीत आली, दार लावून घेतलं. "गणित बरोबर आहे तुझं. पण अपघातानंतर यांचे हात थरथरतात गं. कोपऱ्यापर्यंत ते चालवतात, तुम्हाला कळू नये म्हणून. तिथून पुढे गेलं वर्षभर मीच चालवतेय. ते शब्दाला जागलेत. मी कुठे दिला होता शब्द?"