तिसरं मत

२ सप्टेंबर

आलो एकदाचे! घर लहान आहे, पण उजेड भरपूर. नवऱ्याने सामान उतरायच्या आधीच आपलं नकाशांचं टेबल खिडकीशी नेऊन लावलं. घरी बसून नकाशे काढणाऱ्या माणसाला दुसरं काय लागतं? माझ्या नोकरीसाठी त्याने जुनं घर, मित्र, सगळं सोडलं आणि तोंडातून एक तक्रारीचा शब्द नाही. संध्याकाळी मोरीत झुरळ निघालं तर हा स्टुलावर चढला. चप्पल मीच मारली. वर मलाच म्हणतो, अगं, हाकललं असतं तरी गेलं असतं ना!

उद्यापासून मी हिंसेची अभ्यासक. नेमणूकपत्रात तसंच लिहिलंय. ते वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो.

५ सप्टेंबर

आमच्या केंद्रात हिंसा आणि समाज यांचा अभ्यास चालतो, आणि इमारत अशी की टाचणी पडली तरी दचकावं. जाड गालिचे, दारांना मऊ गाद्या. मारहाणीवर चारचारशे पानं लिहिणाऱ्या या मंडळींना खुर्ची सरकल्याचा आवाज सोसत नाही.

मुख्य बाईंना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. त्या दुसऱ्याचं ऐकताना डोळे मिटतात. त्यांना वाटतं त्याने सहृदय दिसतं, मला वाटतं त्या डुलकी काढतात. मानसशास्त्राच्या बाई प्रत्येक वाक्याआधी उसासा टाकतात, म्हणून मी त्यांचं नाव उसासाबाई ठेवलं. तिसरे आकडेशास्त्री. संख्याशास्त्राचे. ते चहात साखर घालतानासुद्धा सरासरी काढत असावेत. तिघं तीन शास्त्रांचे, आणि एकमेकांचं एक अक्षर कुणाला कळत नाही. याला इथे आंतरविद्याशाखीय म्हणतात.

कामाची पद्धत मात्र भन्नाट आहे. कुणी आपल्यावरच्या अत्याचाराचं निवेदन दिलं की ते टाइप होतं, नावगाव पुसलं जातं, आणि दोन वाचकांकडे जातं. दोघांनी एकमेकांशी न बोलता समासात लिहायचं, काय घडलं ते. दोघांचं जुळलं की ते घडलं. नाही जुळलं तर तिसरं मत. मी भोळेपणाचा आव आणून विचारलं की प्रत्यक्ष जाऊन कोण बघतं? आकडेशास्त्र्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी गालिच्यावर थुंकले. मॅडम डोळे मिटून म्हणाल्या, अहो, प्रत्यक्ष ही फार जुनी कल्पना झाली.

उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते. इथे शेळ्याही कागदावरच्या.

९ सप्टेंबर

इथला एक रिवाज आज कळला. नव्या माणसाने आधी स्वतः निवेदन द्यायचं, समोरच्या खुर्चीत बसणं कसं असतं ते कळावं म्हणून. मी सांगितलं की माझ्यावर तसा काही प्रसंग आलेला नाही. आई-वडील साधे, नवरा झुरळाला घाबरणारा. यावर उसासाबाईंनी एक लांबलचक उसासा टाकला. असं कुणीच नसतं हो, म्हणाल्या, तुम्हाला अजून आठवलं नाहीये एवढंच.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, हवंय ना? घ्या.

मग मी अशी काही थाप ठोकली की काय सांगू! म्हणाले, माझा नवरा फार शांत आहे. आवाज चढवत नाही. मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवतो. मग माझा हात धरून कपाटाच्या खणात घालतो आणि खण सावकाश लोटतो. एकदा बहिणीकडे पळून गेले, तर माझी विसरलेली छत्री हातात घेऊन न्यायला आला. इतका गोड बोलला की बहिणीनेच मला परत धाडलं. उसासाबाईंच्या डोळ्यांत पाणी! मग काय झालं, त्यांनी विचारलं. मला पुढचं सुचेना, म्हणून मी मान खाली घालून गप्प बसले. तेवढ्यात चहाची वेळ झाली.

घरी येऊन नवऱ्याला सगळी नक्कल करून दाखवली. तो हसला, पण म्हणाला, अगं, मला कशाला गुन्हेगार केलंस? शेजाऱ्याचं नाव घालायचंस.

१६ सप्टेंबर

माझं निवेदन उसासाबाई आणि आकडेशास्त्री या दोघांनी वाचलं. घड्याळ, खण, छत्री, सगळ्यावर एकमत. मॅडमनी बैठकीत जाहीर केलं की इतकं निखळ निवेदन या केंद्रात आजवर आलं नव्हतं. आणि हे सांगताना माझ्याकडे ओळखीची खूणसुद्धा नाही! नाव पुसलंय, तेव्हा ती बाई आता कुणी दुसरीच. ‘ती स्त्री’. मीही चेहरा पाडून मान डोलावली. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे तर नुसती वासरंच.

१७ सप्टेंबर

नवरा बाजारातून मनगटी घड्याळ घेऊन आला. जन्मात कधी घातलं नाही त्याने. विचारलं तर म्हणाला, दिसलं, आवडलं, घेतलं. माझी थट्टा करतोय, दुसरं काय! मीही हसून सोडून दिलं.

२३ सप्टेंबर

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

सकाळी मी कपाटाच्या खणात चमचे शोधत होते. तो टेबलावरून उठला, घड्याळ काढलं, खिडकीत ठेवलं. मी हसत म्हटलं, पुरे आता नाटक. त्याने माझा डावा हात धरला. जोरात नाही. शिंपी माप घ्यायला धरतो तसा. खणात घातला आणि खण लोटला. सावकाश. मी किंचाळले तरी त्याचा वेग बदलला नाही.

मग त्याने घड्याळ परत घातलं आणि माझ्या बोटांकडे बघून तोच मटकन खाली बसला. डॉक्टरांकडे त्यानेच नेलं. रस्ताभर रडत होता. म्हणाला, हात आपोआप गेले गं, आणि खण लोटताना मला काहीच वाटत नव्हतं, राग नाही, काही नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

२५ सप्टेंबर

केंद्रात गेले आणि स्पष्ट सांगितलं, ते निवेदन माझं आहे, खोटं आहे, थट्टा म्हणून रचलं होतं, परत घेते.

आकडेशास्त्री म्हणाले, निवेदन मागे घ्यायचा हक्क फक्त त्या स्त्रीचा. मी म्हटलं, मीच ती. ते म्हणाले, नाव पुसलंय, आता पडताळायचं कसं? आणि पडताळलं तर तिची गुप्तता मोडेल! मॅडम डोळे मिटून म्हणाल्या की त्या बाईंच्या वतीने तुम्ही बोलणं कितपत नैतिक आहे याचा तुम्हीच विचार करा. मी बँडेज बांधलेला हात टेबलावर आपटला. उसासाबाईंनी तो कुरवाळला. अशी माघार नेहमीची असते, म्हणाल्या, खरं सांगून झालं की घाबरून खोटं होतं म्हणतात. आणि समोरचा कागद ओढून समासात लिहिलं, ‘माघार’. आकडेशास्त्र्यांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली. एकमत.

गाढवं. पदव्यांच्या झुली घातलेली गाढवं. आणि माझी बोटं यांच्या समासात अडकली आहेत.

२८ सप्टेंबर

बहिणीकडे आले. निघताना त्याला सांगितलं, तू येऊ नकोस, दार लावून घे, किल्ली खिडकीतून खाली टाक. मी खाली रस्त्यावर उभी असताना त्याने ती टाकलीसुद्धा.

३० सप्टेंबर

आला. हातात छत्री. बाहेर कोरडं ऊन.

बहिणीशी इतकं गोड बोलला! तिने त्याला दोनदा चहा दिला आणि मला आत नेऊन झापलं, असा नवरा शोधून मिळणार नाही, जा मुकाट्याने. परतीच्या वाटेवर तो छत्री घट्ट धरून कुजबुजत होता, मला यायचं नव्हतं गं, मला अजिबात यायचं नव्हतं. मी त्याचा हात धरला. काय करणार? माणूस माझाच आहे. याला या दलदलीत मीच ढकललंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

६ ऑक्टोबर

आता त्यांनी गप्प बसणं वाचायला घेतलंय. निवेदनाच्या शेवटी पुढचं न सुचून मी गप्प बसले होते ना, त्यावर चर्चासत्र. माइक, पाण्याच्या बाटल्या, सगळा थाट. ‘त्या स्त्री’च्या मौनात काय घडलं?

उसासाबाईंचं मत, तिने त्याला मारून टाकलं. आयुष्यभराचा कोंडमारा, एकदाच फुटला.

आकडेशास्त्र्यांचं मत, त्याने तिला मारून टाकलं. अशा घरांत बहुधा तेच होतं.

आणि ही माणसं हे सांगताना एकमेकांना ‘छान मुद्दा’ म्हणत होती! छान मुद्दा!

मत जुळलं नाही. तेव्हा तिसरं मत. मॅडमनी हसून माझ्याकडे बोट दाखवलं, नवीन माणसाला संधी मिळायला हवी.

७ ऑक्टोबर

मी लिहिलं, ‘दोघं सुखरूप आहेत.’ मोठ्या अक्षरात.

दुपारी कागद परत आला. तिसऱ्या वाचकाने नवं मत काढायचं नसतं. आधीच्या दोन मतांपैकी एक निवडायचं. शिवाय ‘सुखरूप’ला निवेदनात आधार नाही.

तो किंवा मी.

९ ऑक्टोबर

त्याला सांगितलं. तो बराच वेळ नकाशावर रेघ ओढत बसला. मग म्हणाला, लिही ना माझं मरण, त्यात काय एवढं. असं म्हणाला जणू कुणी बाजारात जायचं ते ठरतंय. मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारचं दार उघडलं. मग मी म्हटलं, माझंच लिहिते. तर तो ओरडला. पहिल्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा.

इकडे आड, तिकडे विहीर.

११ ऑक्टोबर

कागद समोर. त्याचं लिहू शकत नाही. माझं लिहायला घेतलं — घेतलं आणि हात थांबला. भ्याले. लिहून ठेवते, भ्याले.

१२ ऑक्टोबर

सुचलं! मत द्यायचंच नाही. तिसरं मत नाही तर निकाल नाही, निकाल नाही तर घडणार काय, डोंबल? इतकी साधी गोष्ट. त्या तीन शहाण्यांना मी पुरून उरेन. कागद कोराच पाठवला. नवऱ्याला सांगितलं तर कितीतरी दिवसांनी हसला. रात्री दोघं शांत झोपलो.

१४ ऑक्टोबर

सुटी. दुपार. मॅडमचा निरोप आला, सगळ्यांना एकत्र.

आनंदाची बातमी, म्हणतात. तिसरं मत कोरं आलं, तेव्हा एका शास्त्रासाठी दुसऱ्याला डावलणं केंद्राच्या भूमिकेत बसत नाही. दोन्ही वाचनं ग्राह्य धरली आहेत. आंतरविद्याशाखीय विचाराचा हा विजय आहे. सर्वांचं अभिनंदन.

दोन्ही.

अरे मूर्खांनो — दोन्ही कसं —

तो उठला. घड्याळ काढतोय. रडतोय आणि काढतोय. म्हणतोय, पळ, अगं पळ, दार उघडंच आहे —

मी म्हणतेय तूच पळ — दोघंही तेच म्हणतोय आणि दोघंही जवळ —

पाय स्वयंपाकघरातून परत आले. गेले कधी? उजव्या हाताने लिहितेय. डाव्या हाताची बोटं दुखायची थांबली आहेत. मिटली आहेत, कशावर तरी. मी बघणार नाही. मी काही उचललेलं ना