जवळ्याच्या पाकिटावरचा आकडा

आई, आज आमच्या कंपनीत एक नवी मुलगी कामावर आली. पाकिटावरचा मजकूर प्रयोगशाळेच्या कागदाशी ताडून कसा पाहायचा, ते मी तिला शिकवत होते. तिनं सुक्या जवळ्याचं पाकीट उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ताई, हे इथं छापलेलं खरं असतं ना?" मी हो म्हणाले. पण म्हणायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तू डोळ्यांसमोर आलीस. तुला जाऊन बारा वर्षं झाली. तुला कधी वाचता आलं नाही, तरी लिहिते आहे.

तिसगावच्या बाजारात तू गोणपाट अंथरून सुकट-बोंबील विकायचीस, आणि शाळेला सुट्टी असली की मी तुझ्या शेजारी बसायचे. प्रोटीन हा शब्द तुला माहीत नव्हता. "मटनाच्या तोडीचं बळ हाय ह्यात," एवढंच तू गिऱ्हाइकाला सांगायचीस, आणि घरात बाळंतीण असली तर पुड्यात एक मूठ जास्तीची टाकायचीस. एकदा एक म्हातारा खारा बांगडा मागायला आला. तू आधी त्याच्या पायांकडे पाहिलंस.

"बाबा, पाय कशानं सुजलं?"

"बीपी हाय म्हनतो डाक्टर."

"मग ह्यो न्हाई द्यायची मी. जवळा न्या, बिनमिठाचा हाय. तीन पान्यातनं धुवा."

म्हातारा रागावून पलीकडच्या बाईकडे गेला आणि तिच्याकडून बांगडा घेऊन गेला. मी म्हणाले, "हातचं गिऱ्हाईक घालवलंस." तू माझ्याकडे न बघता जवळा पाखडत राहिलीस. मग म्हणालीस, "आपून खायाचं इकतो. ते कुनाच्या पोटात जानार, ह्ये इचारायला नगं?" तू मला फार कमी वेळा बोललीस. हे त्यातलं एक.

पुढे मी नगरला शिकले, नागापूरला या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लागले, आणि तू बाजार सोडून माझ्याकडे राहायला आलीस. शेजारणींना तू सांगायचीस, "माजी लेक लोकांचं खानं तपासती." शेठनी जवळ्याची पाकिटं काढायची ठरवली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तुलाच झाला होता. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'हाय प्रोटीन' येणार होतं, मागे चौकटीत सगळे आकडे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ होता आणि दुकानदार माल मागत होते. शेठनी बाजारातलं दुसऱ्या कंपनीचं जवळ्याचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "जवळा तो जवळाच. आकडे काय वेगळे येणार? सध्या हेच घ्या." ते खोटारडे नव्हते. कामगाराचं पोर आजारी पडलं तर स्वतः गाडी काढून दवाखान्यात नेणारा माणूस. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. मी आकडे उतरवून काढले आणि मजकुरावर सही केली.

तुला तेव्हा बीपीचा त्रास सुरू झाला होता. डॉक्टरांनी मीठ तोडलं, तेव्हापासून तुझं जेवणच तुटलं. अंगावर मांस राहिलं नव्हतं. म्हणून मी ती पाकिटं घरी आणली. सोडियम अगदी थोडं, प्रोटीन भरपूर, तसं छापलेलंच होतं. कसं सांगू तुला, ते आकडे मी माझ्या हातानं उतरवले होते, पण रंगीत कागदावर छापून आल्यावर मलाही ते खरे वाटायला लागले.

तू तव्यावर जवळा परतलास, चिमूटभर तोंडात टाकलास आणि थांबलीस.

"खारा हाय गं ह्यो. मिठाचं पानी मारून वाळिवलाय."

"नाही आई, मीठ कमी आहे यात. वर लिहिलंय."

"कुनी लिवलंय?"

"आम्हीच."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग तव्याखालचा गॅस बारीक केलास. "तू म्हनतीस म्हंजी असंल," म्हणालीस, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलीस. पुढचे पंधरा दिवस रोज जेवलीस. तुझं अंग भरतंय म्हणून मी खूश होते. ती सूज होती.

एका सकाळी तुला धाप लागली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुझ्या पोटरीवर बोट दाबलं, खड्डा पडला तो तसाच राहिला. ते तुझ्यावर चिडले. "मीठ खाऊ नका सांगितलं होतं ना, आजी? काय खात होता?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू म्हणालीस, "लोनचं खाल्लं, सायेब. चोरून खायाची. हिला न्हाई म्हाईत." डॉक्टर तुला बराच वेळ बोलत राहिले, आणि तू मान खाली घालून ऐकत राहिलीस. आपल्या घरात तेव्हा लोणच्याची फोडसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. मीठ छापल्याच्या कितीतरी पट. वाळू आणि मिठाच्या वजनामुळे प्रोटीनसुद्धा छापल्यापेक्षा कमी. मी कागद शेठपुढे ठेवला आणि तू दवाखान्यात का आहेस ते सांगितलं. त्यांनी तो दोनदा वाचला. मग फोन उचलून त्यांनी दुकानांतला सगळा माल परत मागवला, आणि संध्याकाळी तुला बघायला आले. खाली मान घालून खुर्चीत बसले. तू त्यांनाच धीर दिलास. त्यानंतर आमच्याकडे अहवालाशिवाय एक ओळ छापली गेली नाही.

तू त्यानंतर चार वर्षं जगलीस. तुझं हृदय आधीपासूनच थकलं होतं, असं डॉक्टर शेवटी म्हणाले. मी त्या वाक्याला धरून राहिले. आज त्या मुलीला मी सांगितलं, की इथला आकडा शंभर ग्रॅमचा असतो आणि माणूस खातो मूठभर, तेव्हा आधी मूठ वजन करून बघ. मिठाचा रकानाही दाखवला. अहवालावर विश्वास ठेव, म्हणाले, पण तो कुठल्या मालाचा आहे ते विचारल्याशिवाय नको. बाकीचं काही सांगितलं नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायला पत्ता नाही. त्या चार वर्षांत आपण रोज एका ताटाशी बसलो, पण लोणच्याचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. मी गप्प राहिले याचं मला वाईट वाटलं असेल, असं तुला वाटत असणार. ते नंतर वाटलं. तू डॉक्टरांना लोणचं म्हणालीस त्या क्षणी, आई, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.