मधले दिवस

इलिंका पोरी,

दर रविवारी फोनवर तू विचारतेस, "आई, चर्चचा पाव फुगला का?" मी म्हणते, "फुगला." खरं तर ईस्टरपासून तो प्रसादाचा पाव शेजारची वेता करते.

पाळीत प्रसादाच्या कणकेला हात लावायचा नाही, हे तुला माहीतच आहे. पण मला दोन पाळ्यांच्या मधेही अंगावरून जायला लागलं. नेहमीसारखं पांढरं नाही. तपकिरी, कधी गुलाबी, आणि त्याला घाण वास. डाग दिसला की मी कणकेपासून लांब व्हायचे. वेता चिडवायची, "काय गं, तुझा महिना आता आठवड्याचा झाला वाटतं!" मीही हसायचे.

शेवटी याश शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "इतके महिने कुणालाच सांगितलं नाहीत?"

म्हटलं, "देवाला सांगितलं की. पाव करायचं सोडलं ना."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे आणि ती पसरली आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. तू इटलीतलं काम सोडून धावत येशील. फोनवर एवढंच सांगेन, की मधल्या दिवसांत असा डाग दिसला तर आधी डॉक्टरकडे जा, चर्चपासून लांब मग राहा. तू म्हणशील, "हे काय गं मधेच?" आणि पुन्हा विचारशील, पाव फुगला का.

मी म्हणेन, फुगला.

तुझी,
आई