माझ्या मरणाचा गूळ

आई, तुझा पोट्टा अजून जिवंत आहे, अन् आता तुझ्यापेक्षा म्हातारा झालाय. तू ज्या वयात गेलीस ते मी केव्हाच मागे टाकलं. किती वर्षं झाली ते मोजत नाही, मोजलं की दृष्ट लागते असं तूच म्हणायचीस. घमापुरातल्या त्याच माडीवरच्या दोन खोल्यांत राहतो. पुतण्याची बायको दोन्ही वेळचा डबा आणून देते. पोरगी गुणाची आहे, पण मी मराठीत काही विचारलं की "काकाजी, समझती सब हूँ, बोलना नहीं आता" म्हणते अन् हसते. दिवसभर माझं मराठी तोंडातल्या तोंडातच फिरतं. गुडघे पार गेले, जिना उतरता येत नाही. खाटेवरून खिडकीपाशी अन् खिडकीपासून खाटेवर, एवढाच काय तो प्रवास. साऱ्या जगानं मला जन्मभर खाटेवर पाहिलं, आता मीही स्वतःला पाहून राहिलो. काल एक गोष्ट झाली, ती तुला सांगायची आहे, पण एकदम सांगायला तोंड नाही. म्हणून आधी जुनं काढतो. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी ऐकून घे.

राज्यांची नव्यानं वाटणी झाली तेव्हा मी शाळेत होतो. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आपण इकडे हिंदी मुलखात राहिलो. बाबांच्या कचेरीतले कितीतरी मराठी लोक सामान बांधून नागपूरला निघाले. तू रोज जेवायला वाढताना विचारायचीस, "आपण काहून नाही जात?" अन् बाबा उत्तर म्हणून खोकायचे. त्यांची छाती तेव्हाच बिघडली होती. त्यांनी अर्जच केला नाही. पुढची दोन वर्षं ते आतल्या खोलीत खाटेवर होते अन् भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात मी अभ्यास करायचो. एक लांब, कोरडा खोकला, मग जरा थांबणं, मग विहिरीतून बादली ओढावी तसा दुसरा. तो थांबला की मी पेन्सिल खाली ठेवायचो. सुरू झाला की पुन्हा लिहायला लागायचो. त्यांना जाऊन पुष्कळ दिवस झाले तरी मी तसाच थांबायचो, तुला ठाऊक आहे.

नट व्हायला मुंबईला गेलो तेव्हा वाटलं, चला, आता आपल्या माणसांत आलो. कसचं काय! मराठी नाटकवाल्यांनी मला दोन वाक्यं बोलायला लावली अन् पोट धरून हसले. "हा हिंदीवाला कुठून उचलून आणला?" म्हणे. हिंदीच्या स्टुडिओत गेलो तर तिथे मी "ए मराठी, इधर आ." इकडे घरी आलो की गल्लीत "बंबईवाले भैया आ गए!" सगळ्यांनी मला दुसऱ्यांचाच मानलं. गर्दीत उभं राहायची कामं करत होतो, त्यातच कावीळ झाली, गाल आत गेले. अन् एक दिवस हिरोच्या आजारी बापाचं काम करणारा नट आलाच नाही. डायरेक्टरनं गर्दीवर नजर फिरवली, माझ्यावर थांबला अन् म्हणाला, "इसको लिटाओ." केसांना पांढरं फासलं, पांघरूण घातलं. तिशीही गाठली नव्हती मी. म्हणाले, खोक अन् मर. मला काय येत होतं? काहीच येत नव्हतं. जे आलं ते बाबांचं आलं. लांब कोरडा खोकला, मग थांबणं, मग दुसरा. दिव्यापाशी उभा असलेला माणूस डोळे पुसत होता. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता आई, की मी पांघरुणाखालून उठायलाच तयार नव्हतो.

मग काय, तीच खाट अन् तोच मी. हिरोचा बाप, हिरोइनचा बाप, इमानदार मुनीम, रिटायर पोस्टमास्तर. खोकायचं, पोरीचा हात कुणाच्या तरी हातात द्यायचा अन् मध्यंतराच्या आधी मरायचं. मग भिंतीवर हार घातलेला फोटो.

पहिला सिनेमा इकडे लागला त्या दिवसांत मी घरी आलो होतो. सकाळची वेळ, मी अर्धी दाढी केलेली, अन् जिन्यावरून हंबरडा ऐकू आला. दार मीच उघडलं. मझौलीची आत्या उभी, पदर तोंडाला लावलेला. तिथल्या बाजारात धान्याच्या व्यापाऱ्यानं तिला सांगितलं होतं, "तुम्हारा भतीजा तो मर गया, हमने अपनी आँखों से देखा." बिचारी मिळेल त्या बसनं निघाली. मला साबण लावलेला पाहून "अव माय! भूत!" म्हणून तिथेच पायरीवर बसली. तू कणकेच्या हातांनी धावत आलीस, तिला पाणी पाजलंस, मग तुम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. अन् हसता हसता तू कणकेचे हात झटकलेस. म्हणालीस, "मेल्याची खोटी बातमी आली म्हणजे आयुष्य वाढलं माझ्या पोराचं." लगेच मला दुकानात पिटाळलंस. गूळ-फुटाणे आणले अन् तू ते गल्लीत घरोघर वाटलेस. मला हसू येत होतं, जरा लाजही वाटत होती. मुंबईत शिकल्यासवरल्यासारखा मी म्हटलं, "आई, हा वेडेपणा आहे." तू माझ्याही हातावर खडा ठेवलास.

तेव्हापासून रिवाजच पडला. माझा सिनेमा लागला की तू बाया घेऊन जायचीस अन् परत येताना गूळ. पानवाला विचारायचा, "अम्मा जी, भैया फिर मर गए क्या?" अन् तू ठसक्यात म्हणायचीस, "हाँ, मर गया. लो, मुँह मीठा करो." पण तू पूर्ण सिनेमा कधीच पाहत नाहीस, हे मला किती उशिरा कळलं! खोकला सुरू झाला की तू उठून बाहेर यायचीस अन् व्हरांड्यात बायांची वाट बघत बसायचीस. मी कारण विचारलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तो खोकला तुझा नाही. ज्याचा आहे त्याला विचारलं होतं का?"

तव्यावरची भाकरी करपली तरी तू उलटली नाहीस. मला कुठे तोंड लपवू असं झालं. पुढच्या सिनेमात मी दुसरा खोकला करून पाहिला, घशातला, हलका. डायरेक्टर वैतागला. "क्या कर रहे हो दादा? वो वाला खाँसो ना, जो पब्लिक जानती है!" केला तोच. काय करणार होतो? दुसरं काम मागायलाही हिंडलो. मिशी लावून, कोट घालून फोटो काढून घेतले, वकिलाचं द्या, शेठचं द्या, शेवटी हवालदाराचं द्या म्हटलं. एक निर्माता फोटो पाहून हसला अन् खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, तुम्हें खड़ा देखने कौन आएगा?" त्या एका खाटेत मी अडकलो अन् माझ्याबरोबर बाबांनाही अडकवलं. ते तर एकदाच मेले होते. मी त्यांना दर वर्षी दोन-तीनदा मारत होतो अन् तू बाहेर व्हरांड्यात बसत होतीस.

पुढे एकदा घरून मुंबईला निघालो त्या दिवशी तू मला जिन्यात थांबवलंस. "एकदा तरी शेवटपर्यंत जिवंत रहा रे. मला 'समाप्त' पाहायचं आहे." मी म्हटलं, राहीन. असं म्हटलं जणू ते माझ्याच हातात होतं.

अन् मिळालं बरं का! हिरोइनचा चाचा, गाणं शिकवणारा, हसरा. खोकला नाही, खाट नाही. शेवटच्या प्रसंगात दारात उभं राहून नवरीचं स्वागत करायचं. रेशमी कुर्ता घालून मी दिवसभर उभा होतो, पाय सुजले तरी बसलो नाही. तुला कार्ड टाकलं. सिनेमा लागला तसा मीही आलो. सगळी गल्ली निघाली, पानवाल्यानं दुकान बंद केलं. मी तुझ्या शेजारी. मध्यंतर झालं अन् मी जिवंत होतो! तू माझा हात दाबलास. अन् मग, तो हिरो डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "चाचाजी नहीं रहे." भिंतीवर हार घातलेला फोटो. माझाच, कोट घातलेला, काम मागायला काढलेला. मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. मागाहून समजलं, सिनेमा विकत घेणाऱ्यांना रडणं कमी वाटलं होतं. दारातला माझा प्रसंग कापून नव्यानं काढला. मागून पानवाल्याचा आवाज आला, "अरे, भैया तो बिना खाँसे मर गए!" कुणीतरी फिस्सकन हसलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी तुझ्याकडे पाहिलं, आता तू उठशील म्हणून. तू उठली नाहीस. लग्न लागलं, बँड वाजला, नवरी दारात आली, तिथे दुसरंच कुणीतरी उभं होतं. 'समाप्त' येईपर्यंत तू बसून राहिलीस. रिक्षात तू पदर सावरून बसलीस. मग म्हणालीस, "तुझ्यामागे सगळे मजेत होते रे." अन् घमापूरच्या वळणावर, बाहेर बघत, "मीही तर तुझे बाबा गेले अन् पुन्हा चूल पेटवलीच ना." मी रडायला लागलो. तू म्हणालीस, "चलो, दुकान उघडं आहे, गूळ घेऊ. पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ आली नाही. तू गेलीस तेव्हा मी उशाशीच होतो. तू खोकली नाहीस, कुणाचा हात कुणाच्या हातात दिला नाहीस. "दुधावर झाकण ठेव," म्हणालीस अन् कुशीवर वळलीस. मी झाकण ठेवून आलो तोवर झालं होतं. इतकी वर्षं मी किती चुकीचा मरत होतो, ते तेव्हा कळलं. तरी पुढेही तसाच मरत राहिलो, लोकांना तेच हवं होतं. मग कामं आटली अन् मी इथे परत आलो.

आता काल काय झालं ते. भेडाघाटला शूटिंगवाले आले आहेत. त्यांची डायरेक्टर, तरुण पोरगी, जिना चढून माझ्याकडे आली. तिची आजी माझे सिनेमे बघून रडायची म्हणे. माझ्या पाया पडली अन् काम सांगितलं. नर्मदेकाठचा एक म्हातारा, सगळं घर सोडून जातं, अन् शेवटी तो नावेत बसून एकटाच हसतो. मला खुर्चीसकट उचलून नेतील. "दादाजी, इस बार आप नहीं मरेंगे. पिक्चर आप पर ही ख़त्म होगी."

आई, मी जन्मभर जिची वाट पाहिली ती गोष्ट माझ्या खाटेपाशी स्टुलावर बसून चहा पीत होती. अन् मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "बेटी, उसे मार दो."

तिनं कप खाली ठेवला. मग तिला वाटलं यात काहीतरी कलेचं आहे. म्हणाली, आप सही कह रहे हैं, ज़्यादा असर होगा. मान डोलावत गेली. तिला काय सांगणार? कला कसली डोंबलाची! मला भीती वाटते. मरायची भीती वाटते, आई. हल्ली छातीत काहीतरी हलतं, डॉक्टर म्हणतात वयानं होतं. सिनेमे बंद झाल्यापासून मी कुठेच मेलो नाही, माझी खोटी बातमी कुणी आणली नाही, माझ्या नावानं गूळ वाटला गेला नाही. तू गूळ वाटून भरून ठेवलेलं आयुष्य सरत आलं असेल असं मनात येतं. तुला वेडी म्हणणारा मी, पडल्या पडल्या हेच घोकतो. तुला दिलेला शब्द पाळायची वेळ स्वतः चालत घरी आली, अन् मी तिच्याकडे आणखी एक मरण मागून घेतलं.

आज सुनेकडून गूळ-फुटाणे मागवले. "काकाजी, पूजा है क्या?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. पुडी उशाशी ठेवली आहे. तुझ्या हातचा गूळ खाल्लेलं खाली गल्लीत आता कुणी उरलं नाही, पानवालाही गेला. स्वतःच्या मरणाचा गूळ स्वतःच वाटला तर चालतो का, हे तू सांगून गेली नाहीस. खोकला बाबांचाच काढावा लागेल, मला दुसरा येतच नाही. त्यांना माझ्यातर्फे तू समजावून सांग.

हा कागद पुडीखाली राहील, दुसरीकडे कुठे पाठवणार? अन् एक सांगून टाकतो. शूटिंग पुढच्या आठवड्यात आहे. पण लिहिता लिहिता मी पुडी सोडली अन् एक खडा तोंडात टाकला. तोवर धीर नाही निघाला.