डायसीच्या पाठोपाठ

लेमुएलदादा,

गेल्या आठवड्यात तुला टीव्हीवर पाहिलं. गुलामीतून सुटलेल्यांना मदत करायला, त्यांची विकली गेलेली माणसं शोधून द्यायला उघडलेलं आणि काही वर्षांतच गुंडाळलेलं ते सरकारी खातं त्यांच्या वंशजांसाठी पुन्हा सुरू करा, असं वॉशिंग्टनमध्ये सांगत होतास. आपल्या डायसीचंही सांगितलंस: पणजोबांची बहीण, लहानपणीच टेक्सासला विकलेली. छान बोललास. जॉर्जियातली आपली बोली मात्र पार धुऊन टाकलीस. हे पत्र मी पाठवणार नाही, नाहीतर तेही भाषणात घालशील.

दर जुलैत चर्चच्या अंगणात सगळं कुळ जमतं, जेवणाआधी आत्या विकल्या गेलेल्यांची नावं पुकारते, आणि प्रत्येक नावाला आपण "वाट बघतोय" म्हटल्याशिवाय माशाला हात लावत नाही, हे नाही सांगितलंस. सांगणार कसा? आई गेल्यापासून इकडे फिरकलाच नाहीस.

काल अंगणात सगळे जमले तेव्हा मी आत्याला म्हटलं, "दादा म्हणतो ते खातं पुन्हा उघडलं तर डायसीची नातवंडं-पतवंडं सापडतील."

"सापडू देत गं," ती म्हणाली. "तिला बिचारीला बांधून नेलं होतं. ह्याला कोणी नेलं?"

मग ती काठी टेकत उभी राहिली. डायसीनंतर तिनं तुझं नाव पुकारलं.

मी दमलेय रे दादा, तुझ्यावर चिडायचंही त्राण नाही. मासे निवत होते, पोरं ताटल्या घेऊन उभी होती. कोणीच बोलेना, म्हणून शेवटी मीच म्हटलं, "वाट बघतोय."

तुझीच,
ओडेसा