ये गं बाई, ये गं

हेक्सहॅमजवळ,
२९ ऑगस्ट २००१

प्रिय बाबा,

मोठ्यांना वर काय लिहायचं असतं ते आईनं शिकवलेलं, पण विसरले. म्हणून साधा नमस्कार. मी बरी आहे. जेवतेय. आपल्या नकुलची ड्रायव्हिंग टेस्ट झाली का? आपल्या मिल्टन कीन्सच्या एवढ्या राउंडअबाउट्सवर पास झाला तर कुठेही चालवेल.

तुम्ही फोनवर विचारलं होतं ना, "एवढं गवत आहे, तर बुलक्सना वर खुराक कशाला?" बाबा, ऑगस्टचं गवत नुसतं दिसायला हिरवं! त्यातली एनर्जी उतरलेली असते. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. म्हणून रोज थोडी रोल्ड बार्ली, म्हणजे आपला जवाचा भरडा. थोडीच, नाहीतर पोट बिघडतं. माझे बुलक्स काय मस्त भरले होते! पाठीवर हात ठेवला की कळायचं.

मी खुराकाची बादली वाजवून "ये गं बाई, ये गं" ओरडायचे. तुम्ही किती हसलात! "अगं, बैल आहेत ते! 'ये रे' म्हण. मुलगी शेणात गेली ती गेली, व्याकरणपण घेऊन गेली!" पण त्यांना तेच पाठ झालं होतं. मग मी बदललं नाही.

शेजारच्या फार्मवर फूट-अँड-माउथ, म्हणजे गुरांचा लाळ्या-खुरकूत, निघाला. आमच्याकडे एकही आजारी नव्हता. पण कुंपणाला कुंपण लागून, म्हणून आमचेपण मारायचं ठरलं.

परवा पांढऱ्या संरक्षक सूटमधली सरकारी माणसं आली. बुलक्स घाबरून टेकडीवर पळाले. मालकांनी, मिस्टर रॉबसननी, शिट्ट्या मारल्या, कुत्रा सोडला. एकही उतरेना. मग त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "तूच बोलाव, पेट. नाहीतर लांबून रायफलनी मारतील. अर्धवट." इथे लाडानं सगळ्यांना पेटच म्हणतात.

मी बोलावलं, बाबा.

आले. धावत आले. पेनमध्ये, म्हणजे कुंपणाच्या कोंडवाड्यात, शिरून सगळ्यांनी बार्लीत तोंडं घातली. मी हवी तेवढी ओतली. आता पोट बिघडून काय होणार होतं?

मिसेस रॉबसन म्हणतात, पुढच्या वर्षी नवीन आणू, तू ये. मी बादली धुवून पालथी घातली.

रोगाची बंदी उठून इथून सोडलं की घरी येते. स्टेशनवर घ्यायला याल? फोन नका करू. "गुरांच्या नादी लागू नको, सांगितलं होतं" असं म्हणू नका. जोकपण नको. इथे मी मराठी फक्त माझ्या बुलक्सशीच बोलायचे.

तुमच्याशी बोलायला थोडा वेळ लागेल.

तुमचीच,
तनिषा