टवका आणि घरभेदी

२ मार्च, सोमवार
गाडीच्या पुढच्या काचेवर खडा उडाला. टवका पडला. नेमका ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. रविवारी लेक हीच गाडी घेऊन नोकरीच्या गावी जाणार, पहिल्यांदाच एकटी. बायको म्हणाली, काचवाल्याकडे टाका. म्हटलं, बाप अजून जिवंत आहे. लेकीच्या वाटेतला खडा बापानेच काढायचा. (वाक्य झकास जमलंय. निरोपाच्या वेळी वापरणे.)

३ मार्च, मंगळवार
रजा टाकली. किट आणलं. रेझिन म्हणून डिंकासारखं औषध असतं, ते छोट्या पंपाने टवक्यात दाबायचं. पोरखेळ आहे. 'सावलीत भरा, मग उन्हात सुकवा' असं लिहिलंय. शेवटी उन्हातच सुकवायचं, तर मध्ये सावलीची लुडबुड कशाला? थेट उन्हात भरलं. आत जायच्या आधीच घट्ट झालं आणि वर वाटाण्याएवढा फोड आला. लेक म्हणाली, बाबा, आता समोरची माणसं दोन-दोन दिसतात. म्हटलं, मग दुप्पट सावध राहशील.

संध्याकाळी ब्लेडने फोड खरवडला. खाली वीतभर तडा दिसला. आधीपासूनच असणार.

४ मार्च, बुधवार
ऑफिसातून आलो तर चमत्कार! टवका गायब. तडाही गायब. रेझिन मुरायला वेळ लागतो, हे किटवाल्यांनी लिहायला नको? काचेवरचं पार्किंगचं जुनाट स्टिकरसुद्धा विरघळून गेलंय. केमिकल जबरदस्त. बायकोला बोलावून दाखवलं, तर तिला कुकरची शिट्टी ऐकू आली. मला नाही आली. लेक खाली मान घालून हसत होती. अभिमानाने.

५ मार्च, गुरुवार
वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरांच्या नव्या गाडीला टवका पडलाय. आपणहून म्हटलं, शनिवारी आणा इकडे. बायकोने जोरात चिमटा काढला. नवऱ्याचं चार लोकांत कौतुक झालेलं तिला बघवत नाही.

७ मार्च, शनिवार
पंप जरासाच आवळला. कट्ट आवाज झाला आणि तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. काच मुळातच लेचीपेची. मॅनेजरांनी रुमाल काढून तडा पुसून पाहिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी मीच फोन करून काचवाल्याला बोलावलं. तो आला आणि बायकोला म्हणाला, काय वहिनी, बुधवारी बसवलेली नवी काच बरी आहे ना?

घरभेदी! दोघीही! माझ्या पाठीमागे अख्खी काच बदलली, आणि मला खुशाल हरभऱ्याच्या झाडावर बसू दिलं. बायकोचं समजू शकतो. लेकीला विचारलं, तूसुद्धा? म्हणाली, बाबा, तुम्ही इतके खूश होतात, सांगवेना. ते जास्तच लागलं. निषेध म्हणून जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

८ मार्च, रविवार, सकाळ
लेक निघाली. खड्याचं वाक्य बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? ठराव : यापुढे या घरात कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.

दुपार
लेकीचा फोन. आईला नाही, मला! वाटेत खडा उडाला, काचेला टवका पडलाय म्हणाली. बघा, वेळ आली की बापच आठवतो. म्हटलं, घाबरू नकोस, अर्धी बाटली शिल्लक आहे, मिळेल ती बस पकडून येतो. ती घाईघाईने म्हणाली, नको नको बाबा, एवढ्या टवक्यावर पुढे जाऊ का, ते काचवाल्याला विचारायचंय. त्याचा नंबर हवा होता. आईचा फोन लागत नाहीये.

दिला. कालपासून पाठ आहे.